मुलांचं संगीत मंडळ फुकटातच चालवायचं का?

तिहाई
आमच्या तालुक्याच्या गावी हौशी माणसांनी चालवलेलं एक संगीत मंडळ आहे. शनिवार-रविवारी शाळेच्या वर्गखोल्यांत मुलांना गायन, पेटी, तबला शिकवतात. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांसाठी शिबिर असतं, त्यात समूहगीतं, बालगीतं आणि थोडी तालाची ओळख. मुलांना फी नाही, शिकवणाऱ्याला पैसा नाही. परवाच्या कार्यकारिणीत मी ठराव मांडला की मुलांकडून माफक फी घ्यावी आणि शिकवणाऱ्यांना तासावर मानधन द्यावं. ठराव पडला. वर 'सरस्वतीचा बाजार मांडू नका' हेही ऐकून घेतलं. म्हणून इथे मांडतोय, झोडपा खुशाल.

फुकट कोणाला शिकवता येतं ते बघा. पेन्शन असलेल्यांना, नोकरी सांभाळून शनिवार मोकळा असलेल्यांना, नाहीतर ज्यांचं घर दुसऱ्या कोणाच्या पगारावर चालतं त्यांना. आमच्याच गावात संगीतातली वरची परीक्षा देऊन विशारद झालेला एक मुलगा आहे. घरोघरी शिकवण्या करून पोट भरतो. शनिवार-रविवार हेच त्याचे कमाईचे दिवस, तो आमच्याकडे कसा येणार? म्हणजे गावातला सगळ्यात तयार शिक्षक आमच्या सेवाभावामुळे बाहेर, आणि ज्यांना यमन रागातला तीव्र मध्यम हा सूर नेमका लावता येत नाही ते आत. शिवाय फुकट येणाऱ्याला जाब विचारता येत नाही. लग्नसराईत निम्मे गायब असतात आणि मुलं वर्गाबाहेर चपला मोजत बसतात.

ज्या गायक विष्णु दिगंबर पलुस्करांच्या फोटोला आपण हार घालतो, त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाश्रयावर नाही, लोकांच्या पैशावर. संगीताचे प्रचारक घडवणाऱ्या उपदेशक वर्गातल्या शिष्यांची राहण्या-जेवणाची व्यवस्था तेच बघत. उपाशी ठेवून प्रचारक तयार केले नाहीत. पुढे महाविद्यालयाची मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली, १९२४ साली. नुसत्या ध्येयावर संस्था तगत नाही.

जुना_खजिनदार
तिहाईराव, इतिहास अर्धाच सांगितलात. वास्तू गेली ती बांधकामाचं कर्ज डोईजड झालं म्हणून. त्यातून मानधनाचा धडा कसा निघतो? वास्तू गेली तरी काम थांबलं नाही, हे सांगायचं राहिलं. १९३१ मध्ये विष्णु दिगंबर वारल्यावर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं, आणि प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या संगीत परीक्षा गावोगाव पोचल्या त्या इमारतीच्या जोरावर नव्हे.

आता हिशेबाचं बोलतो, त्यात माझी हयात गेली. समजा चाळीस मुलं, महिना तीनशे रुपये. झाले बारा हजार. चार शिक्षकांत वाटले तर प्रत्येकी तीन हजार. यात तुमचा विशारद मुलगा शनिवारच्या शिकवण्या सोडणार? नाही सोडणार. पण तीनशे रुपयांपायी मुलं मात्र गळतील. आणि घरात बहीण-भाऊ दोघं शिकत असतील, एकाचीच फी परवडत असेल, तर नाव कोणाचं कमी होतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसरं, तासाला पैसे आले की तास कोणाला किती यावर भांडण आलंच. एका मंडळात हे जवळून पाहिलंय. अर्धा तास आधी येऊन तानपुरे लावून ठेवणारी माणसं मानधन सुरू झाल्यावर घड्याळ बघून येऊ लागली.

शाळा-कॉलेजांत शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम करणारी स्पिक मॅके ही संस्था बघा. आयआयटी दिल्लीत १९७७ साली किरण सेठांनी सुरू केलं, आजही स्वयंसेवकांवर चाललंय.

तिहाई
स्पिक मॅकेचं उदाहरण तुम्हीच दिलंत हे बरं झालं. तिथे गाडी ठरवणं, सभागृह मिळवणं, सतरंज्या घालणं ही कामं स्वयंसेवक फुकट करतात. गाणाऱ्याला मात्र मानधन असतं, बाजारभावापेक्षा कमी असेल पण असतं. मी तेच म्हणतोय. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांनी वेळ फुकट द्यावा, तो आपला हौसेचा भाग. विद्या देणाऱ्याला द्यावं.

आणि तुमचा बारा हजारांचा हिशेब फक्त फीवर आहे. आयकर खात्याच्या बारा-ए आणि ऐंशी-जी या नोंदण्या करून घेतल्या तर देणगीदाराला करसवलत मिळू शकते. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधीही त्या नोंदण्यांशिवाय मिळत नाही. हे करायला कार्यकारिणीला सवड नाही, सगळे शिकवण्यात गुंतलेले.

मध्यलय
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. फी घेतली की पालक गिऱ्हाईक होतो, आणि गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न 'परीक्षा कधी?' दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात तेव्हापासून आठवीतली मुलं वर्गात भरती होतात आणि दहावीचा फॉर्म भरला की दिसेनाशी होतात. परीक्षेपुरता भूप राग, परीक्षेपुरता दुर्गा राग, मोजून तेवढेच आलाप. आज आमचा वर्ग फुकट आहे म्हणून पालकाला तोंडावर सांगता येतं, की यंदा पोराला परीक्षेला बसवणार नाही, अजून सुरात नाही. महिन्याला पैसे घेऊन हे सांगून दाखवा.

पेटीवाला
सगळे माणसांचं बोलताय. पेटीचे सूर उतरलेत, भाता फाटलाय, तबल्याला चामड्याची नवी पुडी हवी. मिरजेहून तानपुऱ्याची जव्हारी काढून आणायची, म्हणजे घोडी घासून नाद खुलवून घ्यायचा. हे कोण फुकट करून देतो? कारागिराला आपण कधी सेवाभाव शिकवत नाही.

शाळेतल्या_बाई
मी तुमच्यासारख्याच एका मंडळाच्या शिबिरात शिकलेली प्राथमिक शिक्षिका. मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या खोलीत भांडताय. शनिवारचा वर्ग बंद पडला तरी चालेल, शिक्षकांचं शिबिर बंद पडता कामा नये. चाळीस मुलांच्या वर्गात येणारी मुलं बहुतेक बाजारपेठेतल्या, सोसायट्यांतल्या घरांची. माझ्या शाळेतल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांना शनिवारी तालुक्याला कोण आणून सोडणार?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तिथे कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक सांगितलाय. पहिली ते चौथीच्या दोनशिक्षकी शाळेला त्याचा काय उपयोग? तिथे गाणं म्हणजे परिपाठातली प्रार्थना आणि पंधरा ऑगस्टचं समूहगीत. ते मीच शिकवणार.

शिबिरात मला रागांची नावं मिळाली नाहीत तरी चालली असती. मिळाली ती एक गोष्ट सोन्याची होती. आमचे गुरुजी स्वतःच्या सोयीने पेटीच्या काळी एकमध्ये, म्हणजे त्यांच्या खालच्या पट्टीत, गाणं उचलतात. पोरांचा आवाज तिथे नीट पोचत नाही, खालचे सूर घशात पुटपुटतात. मग 'मोठ्याने म्हणा' असं ओरडलं की किंचाळतात. तेच गाणं मुलांना सोयीच्या काळी चार-पाचमध्ये घेतलं तर वर्ग आपोआप गातो. आणि सातवी-आठवीतल्या मुलांचा आवाज फुटायला लागला की त्यांना 'तू नुसते ओठ हलव' म्हणायचं नाही, खालच्या पट्टीत टाळी-ठेक्यावर घ्यायचं. हे सांगणारी बाई पैसे घेत होती का नाही, मला माहीत नाही. तिला येत होतं एवढं नक्की.

जुना_खजिनदार
बाई, शिबिराबद्दल शंभर टक्के सहमत. पण येत असणारी माणसं पैसे न घेताही मिळतात, हेच माझं म्हणणं.

तिहाई
मिळतात एखाद्या शिबिरापुरती. दर आठवड्याला नाही मिळत.

थेम्सकाठचा
इंग्लंडमधून लिहितोय. इथे रविवारी मराठी शाळा आणि गाण्याचे वर्ग स्वयंसेवकच चालवतात, पण मुलांना नियमित शिकवायचं तर आधी डीबीएस तपासणी, म्हणजे माणसावर काही गुन्हा नोंद आहे का ते बघणं. स्वयंसेवकाला त्याचं सरकारी शुल्क माफ असतं. तुमच्या पूर्ण चर्चेत मुलांसमोर कोण बसतंय याची चौकशी कशी करता, हा विषयच आला नाही.

जुना_खजिनदार
आमच्याकडे सगळे ओळखीचेच असतात हो. परक्या देशातली तऱ्हा इथे आणू नका.

शाळेतल्या_बाई
खजिनदारसाहेब, मुलांच्या लैंगिक छळाच्या प्रकरणांत माणूस बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो. २०१२ च्या पोक्सो कायद्यात 'आमचे जुने कार्यकर्ते' अशी सूट नाही, आणि कळूनही न कळवणाऱ्याला शिक्षा आहे. संगीतात तर मूल एकटं, दार लावून, 'बाहेर आवाज नको' म्हणून शिकतं. दार उघडं ठेवा, वर्गात नेहमी दोन मोठी माणसं ठेवा, एका स्त्री सदस्येचा नंबर पालकांना द्या. याला ठराव लागत नाही, फीही लागत नाही.

मध्यलय
बाईंच्या वरच्या प्रतिसादाला हजार वेळा अनुमोदन. मात्र दोन मोठी माणसं ठेवायची तर स्वयंसेवक दुप्पट लागणार. आहेत तेच लग्नसराईत सापडत नाहीत म्हणे.

जुना_खजिनदार
दाराचं मान्य. बोललो ते मागे घेत नाही, पण दार उघडं ठेवू.

मानधनाला माझा विरोध कायम आहे. तरीही तिहाईराव पुन्हा ठराव आणणारच असतील तर नीट लिहून आणा. फी माफीची यादी कार्यकारिणीने नाही, शाळेच्या मुख्याध्यापकांनी द्यावी, म्हणजे गावात कोणाला तोंड लपवावं लागणार नाही. पहिलं वर्ष फक्त शिबिराच्या तज्ज्ञांना मानधन. आणि मुख्य म्हणजे कार्यकारिणीतल्या कोणी, किंवा त्यांच्या घरच्यांनी, मंडळाचा एक रुपयाही घ्यायचा नाही. त्यासाठी कार्यकारिणी बदलावी लागली तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, दाखल करा. आपल्याकडे तो वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि पुढे निवडणुकीत त्यावरूनच कोर्टबाजी होते.

तिहाई
पहिल्या दोन अटी मान्य. तिसरीने आमच्या घरातून एक राजीनामा निघणार. सौ. गायन शिकवतात.

जुना_खजिनदार
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतंत.

तिहाई
सांगितलं असतं तर तुम्ही दुसरी ओळ वाचली नसतीत. राजीनामा माझा असेल. त्या विशारद मुलाला आणि सौ.ना एकच दर, आणि तो दर मी ठरवणार नाही. तुम्ही ठरवा.