घरातलं व्यसन: तुम्ही काय पाहिलंत?

निशिगंध
काल माळा आवरताना दादाचं जुनं जाकीट निघालं. खिशात चांदीचा कागद, घडी घातलेला, मधोमध काळपट तपकिरी रेघ. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनच, ओढतात ना, त्याचीच. तेव्हा घरात कुणालाच ओळखू आलं नव्हतं. नाक गळतंय, सारख्या जांभया, पायांत गोळे, रात्रभर झोप नाही. आई सर्दीतापाच्या गोळ्या द्यायची. ती टर्की होती, म्हणजे नशा न मिळाल्यावर शरीराला होणारा त्रास. पुडी मिळाली की साहेब लगेच ठणठणीत.
पण दादा गेला तो व्यसन चालू असताना नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून छान होऊन आला, काही महिने अगदी पूर्वीसारखा हसतखेळत होता आणि एका रात्री घेतली, जुन्याच मापाने. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, तेवढ्याच डोसने श्वास थांबतो. हे आम्हाला आधी कुणीही सांगितलं नाही. म्हणून हा धागा. तुम्हीही लिहा.

पाऊसवेडी
काटा आला वाचून. आमच्याकडे दारू. बाबांनी शपथ घेऊन एका दिवसात बंद केली, आम्ही खूश! दुसऱ्या दिवशी फिट आली. मग भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, अंगावरचे नसलेले किडे झटकत बसायचे. डॉक्टर म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्याने अशी तडकाफडकी सोडली तर जिवावर बेतू शकतं, भरती करूनच सोडवायची. बी-१ ची इंजेक्शनंही दिली. मुलाला आणायला निघतेय, उरलेलं नंतर

रानवाट
हेरॉइन १८९८ मध्ये बायर कंपनीने खोकल्यावर औषध म्हणून बाजारात आणलं होतं, माहितीय? त्यावरून आठवलं, होस्टेलचा रूममेट कोडीनचं, म्हणजे अफूच्याच जातीतलं, खोकल्याचं सिरप बाटलीच्या बाटली रिचवायचा. "औषधच आहे रे." पोट आठवडाभर साफ व्हायचं नाही, वर्गात बसल्याबसल्या पेंगायचा. आता सुटलंय. मुलीला बॅडमिंटन शिकवतो, काय सुंदर खेळते ती!

सावली
निशिगंध, 🙏 काय बोलू गं.
मी नर्स आहे, इतरांसाठी लिहून ठेवते. गर्द, कोडीन वगैरेंच्या ओव्हरडोसवर नालोक्सोन नावाचं औषध असतं, थांबत आलेला श्वास काही मिनिटांत परत येतो. पण त्याचा असर लवकर उतरतो, माणूस पुन्हा बेशुद्ध पडू शकतो. उठून बसला तरी दवाखान्यात न्याच.

मुसाफिर
मी स्वतः व्यसनी. एनएच्या (नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, व्यसन सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जातो, आजचा दिवस क्लीन आहे. फोनमध्ये जुना नंबर दिसला तरी पोटात गलबलतं. घरच्यांना हात जोडून सांगतो, रोज खिसे चाचपू नका. त्यापेक्षा समोर बसून विचारा.

आभाळ
मुसाफिर, तुमचं मन कळतं, पण हे नाही पटत. भाच्याच्या दप्तरात थिनरचा बोळा सापडला म्हणून तो वाचला. ते हुंगून पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकतं, "समोर बसून विचारू" म्हणायला वेळच मिळत नाही.

मुसाफिर
लहान मुलांचं वेगळं, मान्य.

पाऊसवेडी
आले परत. बाबा आता बरे आहेत. आईचं मात्र काही खरं नाही, जरा उशीर झाला की दारात उभी.

सावली
त्यांना अल-अॅनॉनला ने. १९५१ पासून आहे, खास दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीचा गट. ऑनलाइन मीटिंगाही होतात. बाबा एएला (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) जावोत न जावोत, आई जाऊ शकते.

पाऊसवेडी
लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर ना. रात्री आईला फोन लावून देते.