पुळणीतल्या वाडीत पाणी टिकत नाही, वॉटर रिपेलंटचा थर द्यावा का?

वाडीवाला_वेंगुर्ला:
नमस्कार मंडळी, समुद्राला लागून आमची छोटी वाडी आहे, सगळी पुळण. मोठे माड ठीक आहेत पण गेल्या वर्षी लावलेली रोपं एप्रिलपासून माना टाकतात, आळं भरलं की थोड्या वेळात पाणी गायब. एक विक्रेता म्हणतो वाळूत सिलेनचं (पाणी झिडकारणारं रसायन, म्हणजे वॉटर रिपेलंट) द्रावण मिसळून दोन फुटांवर थर द्या, टाकीसारखं पाणी राहील. खर्च बराच आहे. कोणी केलंय का? आणि एक कोडं, पाणी जिरतं पण उकरलं तर चार बोटांखाली वाळू कोरडी ठणठणीत, मग पाणी जातं कुठे?

चाळणी_आणि_वाळू:
टाकीसारखं नाही राहणार, पैसे घालायच्या आधी हे नीट समजून घ्या. सिलेनने दाण्याला मेणासारखा लेप बसतो, दाणा पाणी झिडकारतो, पण दाण्यांमधल्या फटी बुजत नाहीत, त्या तशाच उघड्या. वर थोडं पाणी असेल तोवर थर अडवतो, पाण्याची उंची वाढून दाब वाढला की जिथे कमजोर जागा असेल तिथून घुसतं आणि मग त्याच वाटेने वाहत राहतं. बारीक वाळू जास्त उंची सोसते, जाडी लवकर हार मानते. आपल्याकडे जुलैत काय होईल तुम्हीच बघा. खालून केशाकर्षणाने चढणारा ओलावा तोडायला असा थर चांगला, पण तिथेही पाण्याची पातळी थराच्या वर आली की उपयोग संपला.

तुमच्या कोड्याचं म्हणाल तर वाडीशेजारी सुरूचं बन आहे का? सुरूच्या कुजणाऱ्या काड्यांमधलं मेणचट द्रव्य वाळूला बसतं आणि ती आपोआपच पाणी झिडकारू लागते, त्यात वाळू पूर्ण सुकली की जास्तच. मग पाणी सगळीकडून न झिरपता बोटांसारख्या वाटा करून थेट खाली जातं, मधली वाळू कोरडी. कोरड्या वाळूवर पाण्याचा थेंब टाका, 5 सेकंदांत जिरला तर ठीक, त्याहून जास्त बसून राहिला तर हाच दोष.

माडाखाली:
आमी माडाच्या भोवती चर मारून नारळाची सोडणा पुरतंव, पोकळ बाजू वर करून, थरावर थर. पाणी धरून ठेवतत. वर झावळ्यांचा आच्छादन. केमिकलाची गरजच पडूक नाय!

वाडीवाला_वेंगुर्ला:
थेंब टाकून बघितला!! सुरूकडच्या बाजूला मिनिटभर मोत्यासारखा बसून राहिला, विहिरीकडे टाकला तर लगेच आत. म्हणजे मी जे विकत घ्यायला निघालो होतो ते निम्म्या वाडीत फुकट आहे आणि त्यानेच रोपं मरतायत. आता काय करू?

चाळणी_आणि_वाळू:
वाळू पूर्ण सुकू देऊ नका, हे सगळ्यात महत्त्वाचं, एकदा सुकली की परत भिजायला फार त्रास देते. एकदम आळं भरण्यापेक्षा ठिबकने सावकाश आणि रोज. आणि चिकणमाती मिसळा, ऑस्ट्रेलियात अशा रेताड शेतांवर शेतकरी चिकणमातीच पसरतात, ती मेणचट दाण्यांवर बसते आणि पाणी धरू लागते. आपली जांभ्याची तांबडी माती त्याला चांगली.

वाडीवाला_वेंगुर्ला:
खाजणातला गाळ जवळच मिळतो, तो चालेल?

माडाखाली:
नको हां, खारट असता तो, रोपा जळतली. वरच्या तळ्यातलो गाळ आण.