जन्मठेप : मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव अडकलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मामाला २००८ साली खुनाच्या खटल्यात जन्मठेप झाली. सुटकेआधी तुरुंगात काढावीच लागणारी १४ वर्षं कधीच भरली. सुटकेचा प्रस्ताव शिक्षा देणाऱ्या कोर्टाच्या अभिप्रायासाठी गेला, तो गेलाच. मामी दर महिन्याला पिशवीत तीच फाइल घालून निघते आणि 'पुढच्या महिन्यात या' ऐकून परत येते.

मुदतपूर्व सुटकेचे महाराष्ट्राचे नियम वेगवेगळ्या सालांचे आहेत, जसे १९९२ चे आणि २०१० चे. शिक्षेच्या तारखेला असलेलं धोरण लागतं, नंतरचं सौम्य असेल तर ते, असं वाचलंय. मग मामाला कुठलं? फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पात्र कैद्यांचा विचार अर्जाविनाही करा असं सांगितलं. त्या जोरावर थेट हायकोर्टात रिट याचिका (सरकारला आदेश द्या अशी मागणी) टाकता येईल? विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाकरवी कुणी केलीय का? खासगी वकिलाची फी आम्हाला झेपणारी नाही.