दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात (यूसीत) फिजिक्स: याला मागचं दार म्हणायचं?

सनीव्हेलची आई:
काल मंडळाच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं, "पोरगा कम्युनिटी कॉलेजात गेला म्हणजे आईबापांनी हात टेकले. तिथून यूसीत शिरणं म्हणजे मागचं दार." डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. माझी लेक याच वाटेनं यूसीच्या डेव्हिस कॅम्पसला फिजिक्सला गेली. कम्युनिटी कॉलेजात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सेमिस्टरच्या युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, ४६ डॉलर फी. कॅल्क्युलसवाली फिजिक्सची अख्खी मालिका, मल्टिव्हेरिएबल, लिनियर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स, सगळं चांगल्या ग्रेडनं आधी उरकायचं, मग अर्ज. तिचे कम्युनिटी कॉलेजातले फिजिक्सचे सर पूर्णवेळ शिकवण्यासाठीच नेमलेले. ऑफिस अवर्सना फळ्यासमोर उभं करून तिच्याकडून गाऊसचा नियम वदवून घ्यायचे. ही वाट राज्यानं १९६० च्या मास्टर प्लॅनमध्येच, म्हणजे उच्च शिक्षणाच्या आराखड्यातच, आखलीय. मागचं दार कुठून आलं?

अर्व्हाइनचा मामा:
फीचं मान्य. पण पुढचं का गाळलंत? माझा भाचाही याच वाटेनं यूसीत आला. तो सेमिस्टरला सरावलेला, इथे क्वार्टर दहा आठवड्यांचा. वर्गाची ओळख होईतो पहिली मिडटर्म. जुना जीपीए यूसीत धरत नाहीत, पाटी कोरी. आणि उन्हाळ्यातल्या रिसर्चचे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत! सप्टेंबरात आलेल्या पोरानं शिफारसपत्र मागायचं कुणाकडे? पहिल्या वर्षापासून असलेली मुलं तोवर लॅबमध्ये रुळलेली असतात.

कराडकर डिप्लोमावाला:
हे वाचून जुनी जखम भळभळली. दहावीनंतर डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर. व्हायव्हाला सर पहिलाच प्रश्न टाकायचे, "डिप्लोमा का?" आणि चेहरा पाडायचे. एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, लाप्लास, फुरिए एकदम अंगावर आले, पण कुणी हात दिला नाही.

बारावीवाली, पुणे:
हात कशाला द्यायचा? आम्ही अकरावी-बारावी रक्त आटवून सीईटी दिली. तुम्ही थेट दुसऱ्या वर्षात येऊन बसलात. गणित कच्चं राहिलं तर दोष कुणाचा?

कराडकर डिप्लोमावाला:
रक्त आटवलंत? मशीन ड्रॉइंगच्या शीट कुणाच्या होत्या, ताई? काचेखाली बल्ब लावून रात्रभर आमच्याच शीटवरून जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, मारायचात ना? तेव्हा डिप्लोमावाले चालायचे!

बारावीवाली, पुणे:
मी एकही शीट जीटी मारलेली नाही. सगळ्यांना एका मापानं मोजू नका. ड्रॉइंगमध्ये तुमचा हात पुढे होता, एवढं कबूल करते. गणिताचं म्हणणं मागे घेणार नाही.

सनीव्हेलची आई:
भांडण पुरे, मूळ प्रश्नावर या. खरा घात चुकीच्या सल्ल्यानं होतो. लेकीला कॉलेजातल्या काउन्सेलरनं सांगितलं, आधी जनरल एज्युकेशन संपव, फिजिक्स नंतर बघू. पण इथे एकावर एक विषयांची साखळी असते! मेकॅनिक्स हुकलं की पुढचं सगळं सरकतं. तिचं वर्ष त्यात गेलं. म्हणून पहिल्याच दिवशी असिस्टच्या साइटवर (कुठल्या कॉलेजातला कुठला विषय यूसीत धरतात ते दाखवणारी) आपलं कॉलेज आणि हवी ती यूसी निवडून विषय ताडून बघा. प्रवेशाची हमी देणारी टॅग ही योजना यूसीच्या सहाच कॅम्पसना आहे. बर्कली, एलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. इंजिनिअरिंगच्या काही शाखाही वगळतात, तेही तपासा.

अर्व्हाइनचा मामा:
बरं, मागचं दार हा शब्द चुकीचा, मान्य. इतके विषय करून येणाऱ्याला कुणी फुकट घेत नाही. पण शिफारसपत्राचं उत्तर तुम्ही शिताफीनं टाळलंत.

सनीव्हेलची आई:
टाळलं नाही. लेकीनं कम्युनिटी कॉलेजातच पायथॉन शिकून घेतलं होतं. डेव्हिसला गेल्या गेल्या प्राध्यापकांना ईमेल टाकले. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, एकांनी डेटा साफ करायचं काम दिलं. उन्हाळ्याच्या अर्जाला एक पत्र त्यांचं, दुसरं कम्युनिटी कॉलेजातल्या त्याच फिजिक्सच्या सरांचं. भाच्याला सांगा, जुन्या सरांना आजच लिही.