मदत हवी आहे: बंबाला अडवणाऱ्यावर नेमकं कोणतं कलम?

बडोद्यात दांडिया बाजारजवळच्या गल्लीत आमची जुनी सोसायटी आहे. मागच्या आठवड्यात जिन्याखालच्या मीटरपेटीने पेट घेतला. बंब आला, पण एका दुकानदाराने तोंडाशी लावलेली गाडी काढलीच नाही. वर 'आधी माझ्या दुकानावर पाणी मारा' म्हणत जवानाच्या हातातला पाइप ओढला! कुणाला इजा नाही. व्हिडिओ आहे.

माझं वाचन असं: भारतीय न्याय संहितेचं कलम २२१, सरकारी कामात अडथळा, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम १३२, हल्ला किंवा बळाचा वापर, २ वर्षांपर्यंत. इजा झाली असती तर १२१. मोटार वाहन कायद्यातलं १९४ई बंबाला वाट न देणाऱ्या चालकासाठी. इथे गाडी उभी होती, म्हणून ते सोडलं. (जुन्या भारतीय दंड संहितेतली कलमं १८६, ३५३ सांगू नका, ती १ जुलै २०२४च्या आधीच्या घटनांसाठी.)

चौकीत सोसायटीचा अर्ज घेतला नाही, 'अग्निशमनवाल्यांचं पत्र आणा' म्हणाले. २२१साठी त्या कर्मचाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार लागते, तेवढं मलाही माहीत आहे. दुकानदाराला समजावून झालं, नोटीस लावली, ती त्याने फाडली. त्याला तुरुंगात धाडायची हौस नाही, गल्ली मोकळी हवी.

वकील मंडळींना विचारायचं ते एवढंच: नुसता पाइप ओढणं १३२मध्ये बसतं का, आणि बसत असेल तर प्रत्यक्षदर्शी म्हणून आम्ही दिलेल्या फिर्यादीवर गुन्हा नोंदवता येतो का?