पहिल्या एल्क-शिकारीसाठी रायफल : डावखुऱ्या नवशिक्याला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी गेली अकरा वर्षे कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या उत्तरेकडील एका लहान गावात राहतो. यंदा राज्याच्या सोडतीत मला मादी एल्कच्या (एका मोठ्या हरणाच्या) शिकारीचा परवाना मिळाला आहे. (म्हाडाच्या सोडतीत आमच्या घरात आजवर कोणाचे नाव लागले नाही, त्यामुळे निकालाची ईमेल मी दोनदा वाचली.) ऑक्टोबरच्या अखेरीस, रायफलच्या दुसऱ्या हंगामात, मी एका अमेरिकन सहकाऱ्याबरोबर फ्लॅट टॉप्सच्या पठारी रानात जाणार आहे. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला येथे शिकारीचा परवाना घेण्यापूर्वी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तोही मी वसंतात पूर्ण केला. राहिली आहे ती रायफल, आणि तिच्यावरच गाडे अडले आहे.

शिकार करावी की करू नये, यावर येथे चर्चा नको अशी आधीच विनंती करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात वाढलेल्या माणसाला हा विषय खटकणे स्वाभाविक आहे. कोणी त्यासाठी वेगळा धागा काढल्यास मी तेथे जरूर येईन. मांस घरी आणून वर्षभर खाण्याचा बेत आहे, एवढे सांगून पुढे जातो.

बंदुकीशी माझा पूर्वीचा संबंध म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील आजोळी मामांकडे असलेली, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक. भातात रानडुकरे शिरली की ती बाहेर निघे. आम्हा मुलांना ती फक्त खोबरेल लावून पुसायला मिळत असे. त्या अनुभवाचा येथे काडीचाही उपयोग नाही, हे मी जाणतो.

ज्यांना हा प्राणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. युरोपात ज्याला एल्क म्हणतात तो मूस; अमेरिकेतील एल्क म्हणजे वापिती, काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा नातलग. मादी साधारण सव्वादोनशे किलोची आणि नर सव्वातीनशेच्या आसपास, म्हणजे मादीच आपल्याकडील चांगल्या वाढलेल्या सांबर नराच्या तोडीची असते. म्हणूनच कोलोरॅडोत एल्कसाठी रायफलीचा व्यास किमान .२४ इंच, नळी किमान १६ इंच, गोळी किमान ८५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचे बारीक माप) व आघातानंतर फुलणारी, आणि १०० यार्डांवर किमान १००० फूट-पाउंड ऊर्जा देणारी असावी असा नियम आहे. मी विचारात घेतलेली सगळीच काडतुसे हा नियम सहज पाळतात, त्यामुळे कायद्याकडून निवडीला मदत होत नाही.

आता मूळ अडचण सांगतो. सहकाऱ्याने मला सरावाच्या मैदानावर नेले आणि स्वतःची .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जोरकस काडतुसाची रायफल, हातात दिली. "एल्कला हीच लागते," असे तो ठामपणे म्हणाला. त्याची उंची सहा फूट तीन इंच, माझी पाच फूट पाच. तो उजवा, मी डावखुरा. त्याच्या मापाचा दस्ता मला लांब पडत होता, त्यामुळे दुर्बिणीतून पूर्ण दिसावे म्हणून मी मान पुढे सरकवली आणि चाप ओढला. पुढच्या क्षणी दुर्बिणीची कड डाव्या भुवईवर आदळली. टाके पडले नाहीत, पण अर्धचंद्राकृती खूण अजून आहे आणि कार्यालयात तिच्यावर पुरेसे विनोदही झाले आहेत. चूक माझीच होती, रायफलीची नव्हे.

त्यानंतर जे झाले ते मला अधिक लागले. दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा सहकारी दर वेळी रायफल स्वतः भरून माझ्या हाती देत होता. तिसऱ्या खेपेस त्याने मला न सांगता चेंबर (नळीतील काडतुसाची जागा) रिकामे ठेवले. मी चाप ओढला, नुसता 'टक्' असा आवाज झाला, आणि नळीचे टोक चांगले दोन बोटे खाली गेलेले आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसले. धक्का बसलाच नव्हता; तो बसणार म्हणून माझ्या खांद्याने आणि डोळ्यांनी आधीच शरणागती पत्करली होती. पूर्वीच्या गोळ्या लक्ष्याच्या खाली का जात होत्या, याचा उलगडा तेव्हा झाला.

म्हणून माझे मत मॅग्नमच्या विरुद्ध झाले आहे, पण नवशिक्याच्या मताला किंमत किती, हे मलाच कळत नाही. विचार करताना माझ्यासमोर तीन काडतुसे आहेत. पहिले .३०-०६ स्प्रिंगफील्ड, ज्याला येथे सगळे 'थर्टी-ऑट-सिक्स' म्हणतात. १९०६ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले हे काडतूस १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २७०० फूट वेगाने फेकते. दुसरे १९५२ चे .३०८ विंचेस्टर; गोळीचा व्यास तोच, पण काडतुसाची कवची आखूड, वेग किंचित कमी आणि धक्काही कमी. तिसरे २००७ साली आलेले ६.५ क्रीडमूर, ज्याचा धक्का सर्वांत सौम्य, परंतु ज्याच्यावरून मैदानावरील दोन आजोबा माझ्यादेखत जवळजवळ भांडले. एकाच्या मते ते एल्कला पुरते, दुसऱ्याच्या मते ते हरणापुरतेच आहे.

रायफलींमध्ये मी फिनलंडची टिका टी३एक्स आणि अमेरिकन सॅव्हेज ११० हाताळून पाहिल्या. दोन्ही कंपन्या डाव्या हाताच्या बोल्टच्या (काडतूस आत सारण्यासाठी हाताने ओढायच्या दांड्याच्या) रायफली बनवतात. टिकाचा बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो आणि हलकी आवृत्ती दुर्बिणीवाचून साडेसहा पाउंडांच्या आतबाहेर भरते. सॅव्हेजच्या काही आवृत्त्यांत दस्त्याची लांबी आणि गालाखालची उंची कमी-जास्त करता येते, जे माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसाला मोलाचे आहे. दुर्बिणीसह एकूण दीड हजार डॉलरच्या आत बसवायचे आहे.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. सुमारे ३०० यार्डांपलीकडे मी गोळी झाडणारच नसेन, तर .३०८ एल्कला खरोखर पुरते का, की .३०-०६ घेणे शहाणपणाचे ठरेल? आम्हाला दहा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, दिवसभर चालायचे आहे. अशा वेळी हलकी रायफल बरी, की धक्का पचवणारी थोडी जड बरी? नळीच्या टोकाला धक्का कमी करणारा ब्रेक बसवावा का? आणि दुकानदार म्हणतो तसे, डावखुऱ्याने उजव्या हाताची रायफल स्वस्तात घेऊन सवय करून घेणे कितपत योग्य आहे?

प्रतिसाद (मोंटानाहून)

तुमच्या भुवईने आणि त्या रिकाम्या चेंबरने अर्धे उत्तर दिलेले आहे. मी येथे चौदा हंगाम केले, त्यांपैकी पहिले चार मॅग्नमच्या हट्टापायी वाया घालवले. साधारण आठ पाउंडांच्या रायफलीतून १८० ग्रेनच्या गोळीसह .३०-०६ चा धक्का सुमारे २० फूट-पाउंड असतो; .३०० विंचेस्टर मॅग्नमची रायफल थोडी जड धरली तरी तो २५ च्या वर जातो. .३०८ या दोघांच्याही खाली, साधारण १७-१८ वर राहते. ३०० यार्डांच्या आत एल्कला .३०८ आणि .३०-०६ यांतील फरक जाणवत नाही. तो तुमच्या खांद्याला मात्र जाणवेल. २०० यार्डांवर शून्य जुळवल्यास, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी येतील अशी दुर्बीण लावल्यास, दोन्हींची गोळी ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच खाली लागते, एवढे पाठ करून ठेवा.

काडतुसाच्या नावापेक्षा गोळीच्या बांधणीकडे अधिक लक्ष द्या, कारण नवशिके नेमके तेथेच पैसे वाचवतात. १९४६ साली जॉन नॉस्लर या शिकाऱ्याच्या गोळ्या ब्रिटिश कोलंबियात एका मूसच्या अंगात खोल न शिरता वरच्यावर फुटल्या. त्या चिडीतून त्याने मध्ये तांब्याचा पडदा असलेली गोळी तयार केली: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. १९४८ पासून ती 'पार्टिशन' या नावाने विकली जाते. आज पूर्ण तांब्याच्या गोळ्याही उत्तम मिळतात आणि मांसात शिशाचे कण राहत नाहीत, ही घरच्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. .३०८ मध्ये १६५ ग्रेनची अशी गोळी घ्या आणि सरावाचे शेवटचे दोन डबे तरी त्याच गोळीचे झाडा.

ब्रेक बसवू नका. तो धक्का घटवतो हे खरे, पण आवाज मागे आणि बाजूला फेकतो, आणि रानात एल्क समोर आल्यावर कानांवर संरक्षण चढवायला कोणी थांबत नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या कानांचाही विचार करा.

उजव्या हाताच्या रायफलीचा सल्ला मात्र मनावर घेऊ नका. पहिल्या गोळीला काही अडत नाही. अडते ते दुसऱ्या गोळीला. एल्क पहिल्या गोळीनंतरही पुष्कळदा उभाच असतो, आणि तेव्हा डावा हात पकडीवरून काढून, दुर्बिणीवरून पलीकडे नेऊन बोल्ट ओढायचा म्हणजे नेम मोडलाच. एक बारीकशी गोष्टही सांगतो: टिका सर्व काडतुसांसाठी एकाच लांबीची यंत्रणा वापरते, त्यामुळे तिच्यात .३०८ घेतल्याने रायफल आखूड होईल ही अपेक्षा ठेवू नका.

प्रतिसाद (टेक्सासहून)

थोडे अवांतर विचारतो. मी एच-१बी व्हिसावर आहे. मला रायफल विकत घेता येते का? कार्यालयातील मित्र म्हणतात की ग्रीन कार्डशिवाय बंदुकीला हातही लावू नये.

धागाकर्ता

मी ग्रीन कार्डवर आहे, पण अभ्यासक्रमात हा प्रश्न निघाला होता म्हणून सांगतो. तुमच्या मित्रांचे म्हणणे नियम म्हणून बरोबर आहे: बिगरस्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीने बंदूक वा काडतुसे बाळगणे संघीय कायद्याने निषिद्ध आहे. मात्र त्याच कायद्यात अपवादही आहे, आणि अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना असणे हा त्यांपैकी एक. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, ही गोष्ट मात्र विसरू नका. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक-खरेदीचा संघीय अर्ज) भरताना हे सारे विचारले जाते. तेथे चुकीचे उत्तर देणे हा स्वतंत्र गुन्हा असल्याने, पैसे देण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारावे असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद (पुण्याहून)

मी शिकारी नाही, रायफल नेमबाजीचा जुना स्पर्धक आहे, तेवढ्यापुरते लिहितो. झटका येण्याची सवय मोठ्या व्यासाच्या रायफलीवर सुटत नाही. एक .२२ (लहान काडतुसाची, जवळजवळ धक्का नसलेली रायफल) विकत किंवा उसनी घ्या आणि महिनाभर मोठ्या रायफलीला हात लावू नका. घरी, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवून, चेंबर दोनदा तपासून, भिंतीवरच्या ठिपक्यावर रोज वीस वेळा कोरडा चाप ओढा. आणि मैदानावर टेबलावर रायफल टेकवून पडलेल्या गोळ्यांच्या जुळणीवर खूश होऊ नका. डोंगरात टेबल नसते. बसून, गुडघ्यावर आणि पाठपिशवीवर टेकवून सराव करा.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पुण्याच्या काकांचा सल्ला (काका म्हटले तर चालेल ना?) मी अक्षरशः पाळला. सव्वा महिना उसन्या .२२ वर काढला. दरम्यान डाव्या बोल्टची टिका, .३०८ मध्ये, मागवली. दस्ता माझ्यासाठी अर्धा इंच लांब होता, तो दुकानातील कारागिराने कापून रबरी गादी पुन्हा बसवून दिली. दुर्बीण साधी, तीन ते नऊ पटींची घेतली आणि ती डोळ्यापासून चार बोटे दूर राहील अशी पुढे सरकवून बसवली. येथे १ ऑक्टोबर २०२३ पासून बंदूक ताब्यात मिळण्यापूर्वी तीन दिवस थांबावे लागते. ते तीन दिवस मी कपाटाला कुलूप आणि भिंतीला बोल्ट बसवण्यात घालवले.

गेल्या शनिवारी सहकाऱ्याने पुन्हा तीच युक्ती केली. या वेळी मला संशय आलाच होता, पण कितव्या खेपेस चेंबर रिकामे असेल हे ठाऊक नव्हते. 'टक्' झाले आणि नळी जागची हलली नाही. मग आम्ही २०० यार्डांवर जेवणाच्या कागदी प्लेटा लावल्या, प्रत्येकी नऊ इंचांच्या. पाठपिशवीवर टेकवून वीसपैकी एकोणीस, बसून चौदा, गुडघ्यावर अकरा, आणि उभ्याने पाच अशा गोळ्या लागल्या. सहकाऱ्याने त्या प्लेटा घडी घालून माझ्या पिशवीत टाकल्या आहेत आणि उभ्याने झाडायचे नाही हे आमच्यात ठरले आहे. बसून झाडायचे असेल तर अंतर १५० यार्डांच्या आत हवे, असेही मी स्वतःपुरते ठरवले आहे.

एकच प्रश्न उरला. मी शून्य जुळवले ते सुमारे पाच हजार फुटांवरील मैदानावर. शिकार दहा हजारांवर होईल. हवा विरळ असल्याने गोळी थोडी वर लागेल हे समजते, पण २०० यार्डांवर हा फरक प्रत्यक्षात दखल घेण्याइतका असतो का?

प्रतिसाद (मोंटानाहून)

त्या अंतरावर तो फरक तुमच्या श्वासाच्या हालचालीत हरवून जाईल. गाडीच्या टपावरून शंभर मैल कच्च्या रस्त्याने हादरे खात गेलेली दुर्बीण अधिक फरक पाडते. तंबू ठोकायच्या आधी, हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, परवानगी असलेल्या सुरक्षित जागी तीन गोळ्या झाडून शून्य तपासा. त्यासाठी एक प्लेट राखून ठेवा.