मुक्त सॉफ्टवेअरसाठी दिलेला वेळ

सांगलीत राहून स्वतंत्रपणे संकेतस्थळे बांधणाऱ्याने संकेतस्थळे उभारण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीसारख्या मुक्त प्रकल्पाला विनामोबदला वेळ का द्यावा, हा प्रश्न रास्त आहे; मात्र तो वेळ म्हणजे निव्वळ दानधर्म, हे गृहीतक मला पटत नाही. २००३ मध्ये काम थंडावलेल्या 'बी२' या प्रणालीच्या कोडवरून वर्डप्रेस उभे राहू शकले ते कोड कोणालाही वापरण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मुभा देणाऱ्या जीपीएल परवान्यामुळे, आणि त्याच परवान्यामुळे मार्केट यार्डातल्या हळदीच्या व्यापाऱ्याचे संकेतस्थळ आपण त्या प्रणालीचे शुल्क न भरता उभारतो.

एखाद्या प्लगिनमधील (प्रणालीला जोडायच्या पूरक भागातील) दोष आपल्या ग्राहकापुरता तिथल्या तिथे दुरुस्त केला, तर पुढच्या अपडेटमध्ये ती दुरुस्ती पुसली जाते. तोच बदल मूळ प्रकल्पाने स्वीकारला, तर त्याची देखभाल सर्वांची होते. शिवाय एकट्याने काम करणाऱ्याला आपला कोड वाचून चुका दाखवणारे सहसा कोणी मिळत नाही (पुण्यातल्या कंपनीत ते आपोआप घडते), ती उणीव मुक्त प्रकल्पातल्या काटेकोर परीक्षणाने भरून निघते. सुरुवात कोडपासूनच करावी असेही नाही. मराठी भाषांतर तपासण्यालाही तिथे मोल आहे. ग्राहकाशी करार करताना मात्र सर्वसाधारण उपयोगाच्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पाला देण्याची मुभा लेखी घ्यावी.